बिनआठळीचा ताप

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या हायस्कुलात विज्ञानाच्या नव्या खोलीचे उद्घाटन झाले. वयाचा मान म्हणून मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. वयाला मान देणारे लोक त्या वयाच्या माणसाला बोलू मात्र देत नाहीत. त्यामुळे दोन भाषणे मी मुकाट्याने ऐकून घेतली, आणि दोन्ही चुकीची होती.

पहिले भाषण माझ्या पुतण्याचे. तो आता साठीला टेकला आहे आणि गावात त्याच्या शब्दाला वजन आहे. तो म्हणाला, "आमचे काका निजामाच्या राज्यात दवाखान्यात नोकरीला होते. खुर्दबिनीतून बघून बघून त्यांना सगळीकडं किडे दिसायला लागले. माझे वडील तापानं पडले असताना काकांनी भावकीच्या गुळाच्या काहिलीत घरातल्या सगळ्या वाकळा उकळून काढल्या. दुसऱ्या दिवशी वडील गेले. पण काकांची विज्ञानावरची श्रद्धा काही ढळली न्हाई!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला माझी स्तुतीच करायची होती, हे मला मान्य आहे. स्तुती करता करता माणसाने आपल्या चुलत्याला बापाचा मारेकरी ठरवावे, हे कसब मात्र आमच्याच घराण्यात सापडेल.

दुसरे भाषण विज्ञानाच्या तरुण मास्तरांचे. त्यांनी फळ्यावर दोन पेशी काढल्या. एकीच्या मध्यभागी केंद्रक, ती दृश्यकेंद्रकी; दुसरीत केंद्रक नाही, ती आदिकेंद्रकी. "काकांच्या काळी हा भेद कोणाला ठाऊक नव्हता," असे ते म्हणाले. आदिकेंद्रकी जीव हे अप्रगत, असेही म्हणाले. पुढे ओघात असेही म्हणून गेले की माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, तेव्हा तीही आदिकेंद्रकीच म्हणायची. मी बसल्या जागी "चूक" म्हणालो. लाउडस्पीकरचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.

मी थकलो आहे. या वयात वाद घालणे म्हणजे उन्हाळ्यातल्या विहिरीतून पाणी शेंदण्यासारखे आहे. दोर सगळा संपतो आणि पोहरा अर्धाच भरून येतो. तरीही निक्षून सांगतो. वाकळा मी उकळल्या नाहीत. त्या माझ्या वहिनीने, म्हणजे याच पुतण्याच्या आईने, उकळल्या. त्यामुळे माझे थोरले बंधू गेले नाहीत. उलट, त्यामुळेच हा भाषण करणारा पुतण्या राहिला, असे माझे मत आहे. हे पाहिलेला आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो.

अंबाजोगाईला त्या काळी मोमिनाबाद म्हणत. तेथल्या दवाखान्यात मी काम करीत असे. डॉक्टरसाहेब हैदराबादेकडचे होते. उंच, खोकणारे, आणि चहा गार झाल्याशिवाय न पिणारे. त्यांच्या टेबलावर पितळी खुर्दबीन होती. आजची मुले सूक्ष्मदर्शक म्हणतात. कचेरीची भाषा उर्दू असल्याने आम्हांला खुर्दबीन हाच शब्द होता आणि त्याने आमचे काही अडले नाही.

रोग्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, वर रंग घालायचा, पाण्याने हलके धुवायचा आणि भिंगाखाली लावून द्यायचा, हे माझे काम. डॉक्टरसाहेबांची एक शिस्त होती. काचेवर काय दिसते ते मी आधी सांगायचे, पण त्याचे नाव घ्यायचे नाही. मी घाईने "हिवताप" म्हणालो की ते चिडत.

"जो दिखा उत्ताच बोलो. नाम बाद में."

मी आयुष्यभर पुष्कळ विद्वान पाहिले. बहुतेकांना नावे आधी दिसतात.

शिकवण्याची त्यांची रीत अशी की आधी कांद्याचा पापुद्रा लावला. विटांच्या भिंतीसारखे घर दिसले आणि प्रत्येक विटेत एक गडद ठिपका. मग माझ्याच गालाच्या आतून खरवडून लावले. विटा नव्हत्या, पसरट भाकऱ्या होत्या. परंतु प्रत्येकीत ठिपका होताच.

"बोर है मियाँ, बोर," डॉक्टरसाहेब म्हणाले. "ऊपर छिलका, अंदर गूदा, बीच में गुठली."

तेव्हापासून आमच्या दोघांत त्या ठिपक्याचे नाव गुठली पडले. मी मनात आठळी म्हणत असे. मास्तर ज्याला केंद्रक म्हणतात ते हेच.

मग त्यांनी दह्याच्या निवळीचा थेंब लावायला सांगितला. या खेपेला सर्वांत बारीक भिंग, त्यावर तेलाचा थेंब. बारीक काड्या दिसल्या आणि मण्यांच्या लहान माळा दिसल्या. गालाच्या एका पेशीत अशा कितीतरी काड्या सहज मावल्या असत्या.

"गुठली ढूंडो," एवढे सांगून ते रोगी तपासायला गेले. मी सकाळभर शोधली. काडी टोकापासून टोकापर्यंत एकाच रंगाची होती.

"नहीं मिली, साहब."

"नहीं मिलेगी."

दुसऱ्या दिवशी शिंदीचा फेस आणवला. शिंदी आंबवणारे जीव दह्यातल्या काड्यांपेक्षा चांगलेच मोठे, लांबट गोल, आणि एकाच्या अंगाला दुसरा कोंबासारखा फुटलेला. रंग नीट बसेपर्यंत काचा वाया गेल्या, पण शेवटी आत ठिपका दिसला. डॉक्टरसाहेब हसले. "पीनेवाला और ये, दोनों एक बिरादरी के. दहीवाला ग़ैर." शिंदी पिणारा माणूस आणि शिंदी आंबवणारा जीव एका बाजूला, आणि शेजारच्या गाडग्यातले विरजण दुसऱ्या बाजूला! जगाची अशी वाटणी मी त्यापूर्वी ऐकली नव्हती. मास्तरांनी फळ्यावर काढला तो भेद हाच. आमच्याकडे त्याला भारदस्त नाव नव्हते, पण भेद ठाऊक नव्हता हे म्हणणे खोटे आहे.

तांबड्या पेशीचा प्रश्नही मी तेव्हाच काढला होता. मी वाद घातला, "साहब, आदमी के ख़ून में भी गुठली नहीं. फिर आदमी भी दही हुआ." त्यांनी कोंबडीचे रक्त लावायला सांगितले. कोंबडीच्या प्रत्येक तांबड्या पेशीत आठळी ठसठशीत होती.

"आदमी के ख़ून ने फेंक दी, मुर्ग़ी के ने नहीं फेंकी. जिसकी थी और गई, और जिसकी कभी थीच नहीं, दोनों एक क्या? रंडवा और कुँवारा एक होता क्या?"

विधुर आणि ब्रह्मचारी एक नव्हेत. मास्तरांनी हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवावे. शाळेत चालणार नसेल तर घरी लिहावे.

एका गोष्टीत नवी पुस्तके पुढे गेली आहेत, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. नातीच्या पुस्तकात लिहिले आहे की त्या काड्यांमध्येही आठळीतला ऐवज असतो, फक्त त्याला कवच नसते. तो गरातच मोकळा पडलेला असतो. शिवाय आठळीवाल्या पेशीत निरनिराळ्या कामांच्या निरनिराळ्या खोल्या असतात, आणि काडी म्हणजे एकखणी घर. त्या खोल्या आमच्या भिंगातून दिसत नव्हत्या, म्हणून त्यांच्याबद्दल मी साक्ष देत नाही. परंतु डॉक्टरसाहेब "नाही" म्हणत ते "दिसत नाही" याच अर्थाने म्हणत. ज्याला हा फरक कळत नाही त्याने त्यांची चूक काढू नये.

आता तापाकडे येतो.

आमच्या भागात त्या दिवसांत दोन ताप होते आणि दोघांची चाल सारखी होती. दोन्ही थंडी वाजून चढत, घामाने उतरत आणि पुन्हा येत. एक हिवताप. त्याची काच रंगवली की तांबड्या पेशीच्या आत निळी अंगठी दिसे आणि अंगठीवर माणकाच्या खड्यासारखी लाल आठळी. त्याच्यावर कोयनेल, म्हणजे क्विनीन, चालत असे. दुसरा परतीचा ताप. त्यात पेशींच्या आत काही नसे. पेशींच्या मधून पिळलेल्या दोऱ्याची नागमोडी सुते पडलेली दिसत, डोक्यापासून शेपटापर्यंत एकाच रंगाची. हा दह्याच्या बाजूचा जीव. त्याच्यावर कोयनेल म्हणजे कडू पाणी.

खरी फसवणूक पुढे होती. परतीचा ताप काही दिवस अंग भाजून काढी आणि आपोआप, एका घामात, सपशेल उतरे. माणूस उठून भाकरी मागे. मग आठवडाभराने पुन्हा त्याच जोराने पडे. त्यामुळे उतरत्या दिवशी जो कोणी हजर असेल त्याला यश मिळे. कोयनेल देणारा, अंगारा लावणारा, दृष्ट काढणारा, सगळे आपापल्या जागी यशस्वी. अशा यशाविरुद्ध वाद घालणे किती कठीण असते ते मी तेव्हा शिकलो आणि अजून शिकतो आहे.

थंडीचे दिवस सरत आले होते, गुऱ्हाळे नुकतीच थांबली होती. गावाकडून निरोप आला की दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, तापाने फणफणले आहेत. मी काचा आणि सुया फडक्यात बांधून घेतल्या आणि बैलगाडीने गाव गाठले.

दादा सोप्यात वाकळेखाली पडले होते. त्यांच्याशेजारी, त्याच वाकळेखाली, आमचे वृद्ध चुलते पाय पसरून बसले होते. ते उठले तेव्हा भावकीतले दुसरे एकजण तेथे शिरले. वहिनीने चार वर्षांच्या मुलालाही, म्हणजे याच पुतण्याला, थोडा वेळ आत सरकवले. आमच्या भावकीची ती रीत होती. कर्ता पुरुष तापला की रक्ताच्या माणसांनी पाळीपाळीने त्याच्या वाकळेत बसायचे, म्हणजे ताप वाटला जातो आणि एकट्यावर भार पडत नाही. आणि ताप कायमचा जाऊन देवीला नैवेद्य होईपर्यंत त्या वाकळेला पाणी लावायचे नाही, कारण पाणी लागले की ताप माघारी येतो. या रीतीला मी मूर्खपणा म्हणणार नाही. आपल्या माणसाचा ताप आपल्या अंगावर घ्यायला तयार होणारी माणसे आता दाखवा. पण ज्या वाकळेत सगळी भावकी आळीपाळीने बसली होती तिच्या शिवणींत उवा भरलेल्या होत्या, हेही तितकेच खरे आहे.

मी दादांच्या बोटाचे रक्त काचेवर घेतले. चुलत्यांनी आधीच बाजाराच्या गावाहून कोयनेलच्या पुड्या आणून दिल्या होत्या. काच घेऊन मी त्याच गाडीने परत गेलो, रंगवली, भिंगाखाली लावली.

"बोलो," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"धागे हैं. पिळलेले. ख़ून की पेशी के बाहर."

"गुठली?"

मी पुष्कळ वेळ पाहिले. माझा भाऊ होता, म्हणून मला ती हवी होती. आठळी असती तर कोयनेल होते.

"नहीं, साहब."

त्यांनी स्वतः पाहिले आणि खुर्ची मागे सरकवली. सोमलाची एक नवी सुई विलायतेत निघाली आहे, पण ती आपल्याकडे नाही, असे म्हणाले. हा ताप उवांच्या मार्फत पसरतो असे अलीकडे सिद्ध झाले होते. "कोयनेल बंद. घर का हर कपड़ा उबालो, एक भी छोड़ो नक्को. भाई का अल्लाह मालिक. बाक़ी घर तुम्हारे हाथ में है." मी रजा मागण्याआधीच त्यांनी ती दिली.

मी पोहोचलो तेव्हा दादा भिंतीला टेकून पिठले-भाकरी खात होते. ताप आदल्या दिवशी उतरला होता. चुलते शेजारी बसून, आपण आणलेल्या कोयनेलनेच ताप उतरला, असे सर्वांना पुन्हा पुन्हा सांगत होते.

मी म्हणालो, "दादा, हा ताप गेला नाही. परत येणार आहे. घरातल्या सगळ्या वाकळा उकळायला हव्यात."

दादा हसले. माझ्याइतकेच हट्टी, पण माझ्यापेक्षा गोड. "तुज्या त्या नळीत माजा ताप दिसला व्हय रे?"

"दिसला. सुतासारखा आहे. त्याच्या आत आठळी नाही."

"आन् आठळी असती तर?"

"तर कोयनेल चाललं असतं."

चुलते पुढे सरकले. "मंग कोयनेलनं उतरला कसा बे? माणूस भाकरी खातंय समोर, आन् तू म्हनतो औषध चाललं न्हाई!"

"काका, तो आपोआप उतरतो. तोही दह्यातल्या किड्यासारखाच बिनआठळीचा…"

मी दह्याचे नाव काढायला नको होते. सगळा सोपा हसायला लागला.

"ऐका! दह्यानं ताप येतंय म्हनं!" चुलते म्हणाले. "लई शिकलं पोरगं. आरं, मी जल्मभर दही खाल्लं, मला कावून ताप आला न्हाई?"

"वाघ आणि गाय दोघांना चार पाय असतात, काका. म्हणून गाय माणूस खाते का?"

"मंग वाकळंत वाघ हाय व्हय? दाव की!"

पुन्हा हशा. दादाही हसले आणि त्यांना खोकला लागला. नंतर ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "हे बघ, तू म्हनतोस तर कोयनेल न्हाई घेत. लई कडू हाय, मलाबी नको. पन वाकळंला पानी न्हाई लावायचं. उद्या काई वंगाळ झालं तर भावकी तुला जगू द्यायची न्हाई. देवीचा निवद होऊ दे, मंग काय उकळायचं ते उकळ."

नैवेद्य व्हायचाच होता. मी रजा वाढवून राहिलो, रोज तोच विषय काढत राहिलो आणि रोज हरलो. कर्त्या पुरुषाच्या घरात त्याच्या शब्दावाचून चूल बदलत नाही. मी तर पाहुण्यासारखा येऊन राहिलेला धाकटा भाऊ. आठवड्याने दादांना पुन्हा थंडी वाजली. दुपारपर्यंत त्यांचे डोळे पिवळट झाले आणि ते मला ओळखेनासे झाले. भावकी पुन्हा वाकळेत बसायला येऊ लागली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पुरुष बाजाराला गेले होते. मी दादांच्या उशाशी होतो. वहिनी दारात येऊन उभी राहिली. त्या काळच्या बायकांप्रमाणे ती माझ्याशी फार बोलत नसे.

"भावजी, तुमी जे सांगितलं ते खरं हाय का?"

"खरं आहे."

"उकळल्यावर ते मरतंय?"

"मरतं. आणि उवाही मरतात."

"यांचं?"

मी दादांच्या कपाळावरचे ओले फडके बदलले. ती थोडा वेळ दादांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पोरगं रातच्याला त्यांच्याचपाशी झोपलं होतं."

तिने दादांच्या अंगावरची वाकळ काढली आणि आपले धुतलेले लुगडे दुहेरी करून त्यांच्यावर घातले. घरातल्या सगळ्या वाकळा, धोतरे, पोरांची झबली गोळा केली. घरातल्या एकाही भांड्यात वाकळ मावली नसती, म्हणून ती मळ्यातल्या गुऱ्हाळावर गेली. काहील चुलाणावर तशीच होती. तिने विहिरीचे पाणी भरले, चिपाडे पेटवली आणि एकेक वाकळ काहिलीत सोडली. वाकळेचे पाणी आणि भावकीची काहील, दोन्ही तिने एकाच दुपारी बाटवले. मी तिला करायला सांगितले नव्हते. मी फक्त खरे काय ते सांगितले होते.

उन्हे कलताना ती धावत आली. मुलगा रडत होता, त्याची धाकटी बहीण पाळण्यात रडत होती. "तुमी जरा तिकडं बघा, आग इझंल," म्हणाली. शेजारच्या म्हातारीला दादांपाशी बसवून मी मळ्यात गेलो, लांब काठी घेतली आणि वाकळा खालीवर करू लागलो. बाजाराहून परतणाऱ्या लोकांनी मला पाहिले ते तसे, काहिलीजवळ, हातात काठी घेऊन. माझ्या पुतण्याने सभेत सांगितलेली कथा त्या क्षणी तयार झाली.

चुलते बांधावरून ओरडले, "ह्यो उद्योग कुणाचा बे?"

मी म्हणालो, "माझा."

यात मोठेपणा नव्हता. मी विचारही केला नव्हता. मी दवाखान्यात परत जाणार होतो. तिला त्याच भावकीत, त्याच आडावर, जन्म काढायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा ताप उतरला. या तापाचा तो सर्वांत वाईट क्षण असतो. अंग एकदम गार पडते आणि थकलेले काळीज कधी कधी त्या उताराला टिकत नाही. घामाने ते लुगडे भिजून गेले. मी नाडी धरून बसलो होतो. ती बारीक होत गेली आणि मग सापडेना.

"वाकळ उकळली आन् ताप आत शिरला," असे चुलते म्हणाले. ते दुष्ट नव्हते. दादा त्यांच्या मांडीवर वाढले होते. ते बाहेर जाऊन काहील पालथी घालून आले, मग रडले. पुढे काही दिवसांनी त्यांनाच तो ताप आला. भावकीतल्या वाकळेत बसलेल्या इतर घरांतही तो फिरला. आमच्या घरात वहिनीला आला नाही, मुलाला आला नाही, धाकटीला आला नाही. लोक म्हणाले, दादा घराचा सगळा ताप घेऊन गेले. या वाक्याला उत्तर नाही. एखाद्या घरात जे घडलेच नाही त्याचा पुरावा कोणी कोठून आणावा? मुलाच्या रक्तात तेव्हा काही शिरलेच नसेल, असेही असू शकते. मी शपथ घेऊन सांगू शकतो ते एवढेच की जे त्याला होऊ शकत होते ते मी भिंगातून पाहिले होते.

मास्तर त्या जीवाला अप्रगत म्हणाले. ज्याने माझ्या भावाला दोन झटक्यांत नेले त्याच्या प्रगतीबद्दल बोलण्याचा अधिकार मला अधिक आहे. एकखणी घराचा मालक दरिद्री असतोच असे नाही. उलट त्याचे घर आपल्या घरासारखे नाही, याच गोष्टीवर आज औषधे उभी आहेत. पेनिसिलिनची सुई अशा जीवाच्या भिंतीवरच घाव घालते; आपल्या पेशीला तशी भिंतच नसल्याने आपल्याला ती सोडून देते. म्हणजे फळ्यावरचा तो भेद नुसता फळ्यावरचा नाही. तो सुईच्या टोकावर यायला मात्र बरीच वर्षे लागली, आणि दादांना तितका वेळ नव्हता.

वहिनी गेल्या वर्षी गेली. तिने या विषयावर माझ्याशी पुन्हा एकदाही बोलणे काढले नाही आणि मीही काढले नाही. सभेच्या दुसऱ्या दिवशी मी पुतण्याच्या ओसरीवर जाऊन बसलो आणि वर लिहिले आहे ते सगळे त्याला सांगितले. तो अडकित्त्याने सुपारी कातरत होता. त्याचा हात थांबला.

"आईनं? एकटीनं?"

"एकटीनं."

"पानी कुनी शेंदलं?"

"तिनंच."

"मोट लावायच्या विहिरीचं, हातानं?" त्याने अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग तुमी आजवर गप कावून बसले, काका? मी लहानपनी तुमच्याशी बोलत नव्हतो. आईनं मला तुमच्या पाया पडायला लावलं तर मी पळून जायचो."

"ठाऊक आहे."

"ती मारायची मला त्यापायी. मला वाटायचं, उगंच मारती."

त्याने सुपारीची खांडे माझ्यापुढे केली. मला दात नाहीत, हे तो विसरला होता. मी एक उचलून हातात धरले.

"लिहिणार आहे मी," मी म्हणालो.

"लिहा. पन तिचं नाव नका घालू. कुनाचंच नका घालू. भावकीत अजून बोलनारी तोंडं हायत." मग घसा खाकरून तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आईचं मान्य. पन काका, एक सांगतो. पैला ताप कोयनेलनंच उतरला होता."

"उतरला नव्हता."

"समद्या गावानं बघितलं की!"

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागलो: अंगठी, लाल आठळी, पेशीबाहेरचे सूत. तो मान हलवीत ऐकत होता, आणि त्याच्या मान हलवण्यावरून मला दिसत होते की त्याला पटत नाही. सुनेने आतून दोनदा जेवायला हाक मारली. आम्ही दोघेही उठलो नाही.